एकोणचाळीस फुटांची दोरी

धामणगाव रेल्वेहून आलेल्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला होता, त्यामुळे कोणीतरी गेल्याचे वाचण्याआधीच कळले. मजकूर तीन ओळींचा. सुखदेव मंगळवारी पहाटे गेला, खोकला शेवटपर्यंत थांबला नाही, त्याच्या बायकोने, शेवंताबाईंनी, कळवायला सांगितले. वय बेचाळीस. मी कार्ड दोनदा वाचले, उठून कपाटातली पोलादी टेप काढली आणि ती हातात धरून बसून राहिलो. टेप कशाला, असे बायकोने विचारले. त्याला आता पाच आठवडे झाले...

सुखदेव अमरावतीला आमच्या क्लबात मार्कर होता. सभासदांना टेनिस शिकवायचे, त्यांच्याशी खेळायचे आणि मैदान राखायचे, असे ते पगारी काम. पहाटे कोर्टावर पाणी मारून रोलर फिरवायचा, मग चुन्याच्या रेघा मारायच्या. जाळीपासून मागच्या रेघेपर्यंत एकोणचाळीस फूट. त्यासाठी त्याच्याकडे एक सुती दोरी होती, नेमक्या मापावर गाठ मारलेली. अकरा वर्षे तेच अंतर रोज आखून ते त्याच्या मनगटात मुरले होते. लांबचा फटका मारल्यावर चेंडू कुठे पडला हे तो पाहतसुद्धा नसे. मी बांधकाम खात्यात मोजमापाची वही लिहिणारा. खेळ यथातथाच, पण आकड्यात चुकत नाही म्हणून क्लबाने मला पंच केले होते. "साहेब, तुमी पोहेबी मोजून खाता काय?" असे तो मला चिडवायचा आणि मी हसायचो, कारण ते फारसे खोटे नव्हते.

पगार घेणाऱ्याला सभासदांच्या स्पर्धेत खेळायची मुभा नसे. अशा मार्करांसाठी हिवाळी सामन्यांत वेगळी 'व्यावसायिक पुरुष एकेरी' असायची. आजूबाजूच्या क्लबांतले आठ मार्कर येत आणि सभासद चहा पीत त्यांचा खेळ पाहत. महाराष्ट्र राज्य झाले त्याच्या आदल्या हिवाळ्यात मात्र ही एकेरी चहाबरोबर पाहण्याची गोष्ट राहिली नव्हती. आमच्या क्लबाने पावसाळ्याआधी कोर्ट खणून तिथे सभागृह बांधायचे ठरवले होते. म्हणजे सुखदेवची नोकरी संपणार होती. अकोल्याला नवा क्लब निघाला होता, त्यांना राहायच्या खोलीसह कायमचा मार्कर हवा होता, आणि एकेरी जिंकेल त्यालाच घेऊ असे त्यांनी उघड सांगितले होते. सुखदेवला दोन मुली. त्यांच्या शाळेची चौकशीसुद्धा तो अकोल्याला जाऊन करून आला होता.

तो अंतिम फेरीत पोचला. समोर यासिन नावाचा उंच, तरुण मार्कर. सामना सकाळी नऊला, आणि ज्या कोर्टावर तो व्हायचा ते तयार करायचे काम अर्थातच सुखदेवचे. पहाटे पाणी मारताना त्याची दोरी भिजली. एरवी तो ती कुंपणावर वाळत घाली आणि मगच रेघा आखी. त्या दिवशी पाहुणे आठला यायचे होते आणि व्यवस्था माझ्याकडे होती.

"साहेब, दोरी ओली हाय. जराशीक वाळू द्या."

"वेळ नाही, सुखदेव. आठला चुना पडलेला दिसला पाहिजे."

"ओली दोरी आखडते, साहेब..."

"आखडून किती आखडेल? आटप."

हे मी बोललो. पोहे मोजून खाणारा मी.

तिसऱ्या सेटमध्ये सुखदेव सहा-पाचने पुढे, चाळीस-तीस. एक गुण, आणि अकोला. त्याने यासिनच्या डाव्या हाताला लांब फटका मारला. यासिन हललासुद्धा नाही. सुखदेव रॅकेट खाली करून जाळीकडे हात मिळवायला निघाला होता. चेंडूचा डाग रेघेच्या जेमतेम एका बोटाच्या जाडीएवढा मागे होता. मी स्वच्छ पाहिला आणि ओरडलो, "बाहेर!" तो थांबला. डागाकडे पाहिले, रेघेकडे पाहिले, मग माझ्याकडे. "बाहेर तं बाहेर," एवढेच म्हणाला. त्यानंतर तो प्रत्येक चेंडू आखूड मारू लागला आणि यासिनने आठ-सहाने सेट संपवला.

मंडळी जेवायला गेल्यावर मी टेप लावली. अडतीस फूट दहा इंच. दुसऱ्या बाजूलाही तेवढेच. दोन्ही बाजू सारख्याच आखूड, म्हणजे अन्याय कोणावरच नाही, असे मी स्वतःला सांगितले. नियमाप्रमाणे मारलेली रेघ हीच रेघ, हेही सांगितले. सुखदेवला मात्र काही सांगितले नाही.

जूनमध्ये कोर्ट खणले. सुखदेव धामणगावला जिनिंगमध्ये लागला. दिवसभर सरकीचा आणि कापसाचा भुसा छातीत. तिसऱ्या वर्षी खोकला धरला, सहाव्या वर्षी काम सुटले. मी वर्षातून एकदा जात असे. आता तो मला भाऊ म्हणायचा. मागच्या दिवाळीनंतर गेलो तेव्हा भिंतीला टेकून बसला होता. एक वाक्य बोलायला त्याला दोनदा थांबावे लागे.

"भाऊ, त्या दिवशी तुमी मागून टेप लावली व्हती ना? मी पंपाजवळून पाह्यलं."

"लावली होती."

"मंग... किती भरलं?"

माझ्या नोकरीत मी एकदाही खोटा आकडा लिहिलेला नाही. मी म्हणालो, "एकोणचाळीस. बरोबर."

त्याने खोकल्याची उबळ ओसरू दिली. मग म्हणाला, "मंग बाहेरच व्हता," आणि शेवंताबाईंना चहा ठेवायला सांगितले. त्याच्या मनाला शांती मिळाली असे मी परतीच्या गाडीत धरून चाललो. आजारी माणसासाठी बोललो, स्वतःसाठी नाही, असेही.

कार्ड आल्यावर भेटायला गेलो, तर शेवंताबाईंनी ती दोरी माझ्यापुढे ठेवली. "तुमालेच द्या म्हणे."

मी ती उलगडली. टोकाजवळ मापाची गाठ होती तशीच, आणि तिच्या पुढे आणखी एक.

"ही दुसरी कशाला?" मी विचारले.

"मॅच झाली त्याच सांजले मारली त्याईनं," त्या म्हणाल्या. "म्हणे, ओली असली का दोरी दोन इंच खाते. मंग ही गाठ धराची."

दोरी माझ्या खोलीत खुंटीवर आहे. दोन गाठींमधले अंतर मी मोजलेले नाही. टेप कपाटात परत ठेवली आहे.