ओडीलचा गोंद

बेल्जियमच्या फ्लँडर्समधला ओडील शर्यतीच्या सायकलींचे, रिमला गोंदाने चिकटवायचे हलके टायर रबर पक्कं व्हावं म्हणून तळघरात पाच-पाच वर्षं मुरवतो. "चीज आहे का रे ते?" गल्ली चिडवते. तो हसत नाही. त्याने घाईत चिकटवलेला टायर उतारावर रिमवरून निसटला आणि भाऊ मोरिस गेला. अजून गोंदाचा वास आला, की त्याला मोरिसची शीळ ऐकू येते.

मोरिसची लेक लीन आली. "काका, रविवारी शर्यत आहे. बाबांना द्यायचात तसेच टायर चिकटवून द्या."

ओडीलने तीनदा चिकटवले, तीनदा सोलून काढले. शनिवारी लीन वैतागली. "द्या तो डबा, मीच लावते. सुटला तर दोष माझा."

ओडीलने डबा पोटाशी धरला. "बिनगोंदाचे, रिमच्या कडेत अडकणारे साधे टायरच घाल, पोरी. जड असतात, हरशील. पण घरी येशील."