वासाला वार नसतो

घरात डबे हरवतात आणि झाकणं मात्र साठत जातात, तसं आमच्या ऑफिसातल्या किश्श्यांचं झालंय. मूळ गोष्ट कुठे सुरू झाली ते कोणालाच आठवत नाही, शेवटचं वाक्य मात्र सगळ्यांना पाठ. आणि यातले निम्मे किस्से एकाच माणसाच्या नाकाचे.

मुलुंडच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आम्ही मशीनचे सुटे भाग विकतो. जेवायच्या टेबलावर आम्ही चौघं. मी हिशेब बघते, घाटकोपरचा केतन सेल्स बघतो, लातूरकडचा बनसोडे डिस्पॅच बघतो आणि सावंत स्टोअर्स बघतात. सावंत मूळचे मालवणचे, राहायला भांडुपला. रिटायरमेंट जवळ आलीय, पण नाक अजून ड्यूटीवर.

*

आमच्या टेबलाचा नियम असा, की सावंतांनी वास घेतल्याशिवाय कोणी जेवायला सुरुवात करायची नाही. भाजी कुठली, हे ते ओळखत नाहीत. ते म्हणतात, ते कोणीही ओळखेल. ते ओळखतात, की हात कोणाचा!

बनसोडे नवीन लागला तेव्हा त्याला हे माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी तो पहिल्यांदा आमच्या टेबलावर आला आणि त्याने डबा उघडला. सावंत जरासे वाकले आणि म्हणाले, "हे बायकोच्या हातचं नाही. हे तू केलंयस."

बनसोडे लाजला. "बायको माहेरी गेलीय, सर."

"आणि रुसून गेलीय."

"हे पण वासावरून कळतं?"

"नाही रे. तू लागून चार दिवस झाले आणि तिला फोन करताना आम्ही एकदाही बघितलं नाही."

बनसोडेने जेवण सोडून जिन्यात जाऊन फोन लावला. ती तिसऱ्या दिवशी परत आली, ते आम्हाला डब्यावरूनच कळलं.

*

सावंत सोमवारी मासे खात नाहीत. एका सोमवारी बनसोडेने सुकटीची चटणी आणली, वर भाकरी. त्याच्याकडे असा वारबीर काही नसतो. डबा उघडल्यावर त्याच्या लक्षात आलं, तो बिचारा उठून दुसरीकडे बसायला निघाला.

"बस गप," सावंत म्हणाले. त्यांनी स्वतःची खुर्ची ओढून बनसोडेच्या शेजारी लावली, डोळे मिटले आणि आपली वाटाण्याची उसळ त्या वासासोबत खाल्ली. अगदी सावकाश, घास घास करत.

केतन घरचा कडक जैन. तो म्हणाला, "सावंत, हे चीटिंग आहे यार."

"वासाला वार नसतो," सावंत म्हणाले.

*

केतनचा प्रॉब्लेम वेगळा. तो आधी फोटो काढणार, मग जेवणार. ताट फिरवून, खिडकीच्या उजेडात नेऊन. एकदा मालकांच्या मुलाचा वाढदिवस होता म्हणून गरमागरम फाफडा आणि जिलेबी आली. जिलेबी इतकी ताजी की बोटाला चटका बसत होता. केतनचं फोटोसेशन सुरू. सावंतांनी शांतपणे त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि एक जिलेबी त्याच्या तोंडात कोंबली.

कुर्र असा आवाज आला. पाक केतनच्या हनुवटीवर ओघळत होता, तो पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"आता या आवाजाचा काढ फोटो," सावंत म्हणाले.

*

मे महिन्यात स्टोअर्सच्या लोखंडी कपाटात गवतात आंबे पिकत असतात. गावाहून पेटी येते आणि सावंतांच्या मते भांडुपच्या घरापेक्षा त्या कपाटातली ऊब चांगली. एका वर्षी नेमका तेव्हाच ऑडिटर आला. गंभीर माणूस. स्टॉक तपासायला स्टोअर्समध्ये शिरला आणि दारातच थांबला.

"या कपाटात काय आहे?"

आमची सगळ्यांची वाट लागली. सावंतांनी कपाट उघडलं, एक आंबा काढून नाकाशी धरला आणि परत ठेवला. "परवा तयार होतील, साहेब."

ऑडिटरने चष्मा पुसला. "मग हे कपाट आपण परवा तपासू."

*

आता सावंतवहिनींबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

जेवता जेवता सावंत रोज घरी फोन लावणार. हात उष्टे, त्यामुळे फोन टेबलावर, स्पीकरवर. आणि मग रिपोर्ट. "काय गो, आज कोकम कमी पडलं." "खोबरं नीट भाजलं नाहीस, घाईत होतीस." "मुरेल म्हणून मीठ कमी घातलंस, ते मुरलं नाही."

पलीकडून वहिनी म्हणायच्या, "उद्यापासून स्वतः करून न्या." आणि फोन ठेवायच्या. आजवर त्यांनी वहिनींना चांगलं म्हटलेलं आम्ही तरी ऐकलेलं नाही. मी एकदा त्यांना झापलं, की बाईमाणसाला कधी बरं बोलावं. तर मला म्हणाले, "अगं, चांगलं झालं म्हटलं की संपलं. चूक काढली म्हणजे तिला कळतं, की मी घास घास लक्ष देऊन जेवलो."

मला तेव्हा ते अजिबात पटलं नव्हतं.

*

मध्यंतरी सावंतांना कसलासा व्हायरल ताप आला. आठवड्याने कामावर आले, जरा वाळले होते, बाकी ठीक. एका दुपारी पॅन्ट्रीत दूध करपलं. धूर नाही, पण वास असा की सगळं ऑफिस नाक दाबून बाहेर. सावंत आपले जागेवर बसून नटबोल्ट मोजत होते.

जेवताना माझा डबा उघडला. ते वाकले, थोडा जास्तच वेळ वाकले आणि म्हणाले, "आज सासूबाईंच्या हातचं."

माझ्या सासूबाई महिनाभर गावी होत्या. केतनलाही ते माहीत होतं. त्याने माझ्याकडे बघितलं.

"बरोब्बर," मी म्हणाले.

तेव्हापासून सावंत म्हणतील तो हात. बनसोडेचा डबा बायकोने केला असला तरी आईचा. केतनकडे स्वयंपाकाला महाराज आहेत, तरी काकींचा. कोणी ठरवलं नाही, कोणी कोणाला सांगितलं नाही.

शेवटी एकदा चहा पिताना तेच मला बोलले. "शिल्पा, चहा गरम आहे एवढंच कळतं गं. बाकी नुसतं पाणी. डॉक्टर म्हणतो, येईल तेव्हा येईल, नाहीतर नाही." मग कप खाली ठेवून म्हणाले, "घरी बोललो नाहीये. ती पहाटे उठून वाटण वाटते. कोणासाठी वाटते, सांग?"

मला फार वाईट वाटलं. ऑफिसात एसीचा आवाज एवढा मोठा आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

रोजचा फोन मात्र चालूच होता. आता चूक काय काढणार? म्हणून म्हणायचे, "झकास झालंय." रोज झकास. वहिनींनी पहिल्या दिवशी "काय म्हणालात?" म्हणून परत विचारलं होतं. नंतर नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवायच्या.

*

हा गेल्या सोमवारचा किस्सा. पाऊस थांबून ऊन पडलं होतं. सावंतांच्या डब्यात काळ्या वाटाण्याची आमटी. त्यांनी झाकण काढलं आणि हात तसाच राहिला. डबा नाकाशी नेला. खाली ठेवला. परत नेला.

आम्ही तिघंही आपापले डबे उघडून त्यांच्याकडे बघत होतो.

त्यांनी माझा डबा ओढला. "हे तुझं. घाईत केलंयस." बनसोडेचा ओढला. "बायको." केतनचा ओढला. "हा तर तुमच्या महाराजांचा हात रे!" मग आपल्या डब्याकडे बघत फोन लावला, स्पीकरवर.

"काय गो," ते म्हणाले, "हे तू केलेलं नाहीस."

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"आलं नाक?" वहिनी म्हणाल्या.

"आलं. कोणाचं आहे हे?"

"पोळीभाजी केंद्रातलं."

"कधीपासून?"

"तुम्ही पहिल्यांदा झकास म्हणालात ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून." त्यांचा आवाज जरा बसला. "एवढ्या वर्षांत कधी म्हणाला नव्हतात. तेव्हाच कळलं मला. पाट्यावर बसायला मनच होईना."

बनसोडे उगाच पाण्याची बाटली उघडत होता.

"संध्याकाळी लवकर या," वहिनी म्हणाल्या. "बांगडे तळते."

"अगो, आज सोमवार."

"खाऊ नका. नुसता वास घ्या."

सावंतांनी हाफ डे टाकला.