उस्ताद आणि त्यांचे पाच डॉक्टर

उस्तादांच्या पाच डॉक्टरांपैकी कोणालाही विचारलं असतं, तर त्याने छातीठोकपणे सांगितलं असतं की या माणसाला एकच आजार आहे आणि तोही आटोक्यात आहे. गोंधळ एवढाच होता, की प्रत्येकाने आजार वेगळा सांगितला असता.

उस्ताद लिफ्ट दुरुस्त करत. शहराच्या जुन्या भागातल्या निम्म्याअधिक लिफ्टा त्यांच्या हातावर चालत. लिफ्ट अडकली की लोक कंपनीला फोन करायच्या आधी उस्तादांना करत. उस्ताद येत, पिशवी खाली ठेवत, डोळे मिटून लिफ्टचा आवाज ऐकत आणि मग गच्चीवर जात. लिफ्टचं सगळं यंत्र गच्चीवरच्या खोलीत असतं आणि त्या खोलीत जायला भिंतीत ठोकलेली उभी लोखंडी शिडी. लोकांना बसल्या जागी वर नेणारं यंत्र दुरुस्त करायचं, तर माणसाने शिडी चढायची. हा विनोद उस्ताद प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवत आणि जुन्यांनाही सोडत नसत.

ज्यांच्या हाताखाली ते काम शिकले, त्यांनी पहिल्याच आठवड्यात एक नियम घालून दिला होता. दुसऱ्या मिस्त्रीच्या कामाबद्दल गिऱ्हाइकासमोर तोंड उघडायचं नाही. आज तू त्याची अब्रू काढलीस, तर उद्या तो तुझी काढेल आणि गिऱ्हाईक दोघांनाही चोर समजेल. उस्तादांनी हा नियम जन्मभर पाळला. आधीच्याने तारा कशाही गुंडाळून ठेवलेल्या असोत, उस्ताद मुकाट्याने सरळ करत आणि 'काही नाही, जुनं झालंय' एवढंच म्हणत.

नियम चांगलाच होता. चूक झाली ती अशी, की उस्तादांनी तोच नियम डॉक्टरांना लावला.

पहिलं आलं ते प्रेशर, चाळिशीच्या आत. गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी ते सहज हाताला पट्टा बांधून शोधलं, गोळी लिहून दिली आणि मीठ कमी करा म्हणून सांगितलं. नंतर काही वर्षांनी साखर आली. तिच्यासाठी लोकांनी एक खास डॉक्टर सुचवला. दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना पहिल्या बाईंची गोळी चालू आहे हे सांगणं उस्तादांना बरं वाटेना. त्यांच्या कामावर याने काही शेरा मारला तर? मग दम लागू लागला, त्याचा डॉक्टर वेगळा. मग किडनी थोडी मंद चालते असं निघालं, त्याचा आणखी वेगळा. शेवटी गुडघे गेले आणि हाडांचे डॉक्टर आले. 'आणखी कसली औषधं चालू आहेत?' असं कुणी विचारलं, की उस्ताद म्हणत, 'काही विशेष नाही.' हे ते लपवत होते असं नाही. त्यांच्या दृष्टीने ती रीत होती.

बायको या आजारांबद्दल म्हणायची, "पाहुणे म्हणून येतात आणि भाडेकरू होऊन बसतात. एकजणही घर सोडत नाही." उस्तादांना मात्र वाटे, की भाडेकरू आपापल्या खोलीत गुमान असतील तर बिघडलं कुठे? त्या खोल्यांमधले दरवाजे केव्हाच उघडले होते आणि आतल्या आत त्या मंडळींचं येणंजाणं सुरू होतं, हे घरमालकालाच ठाऊक नव्हतं.

त्याची चाहूल पहिल्यांदा लागली ती बिस्किटांच्या डब्यावरून. एकदा उस्तादांची साखर अचानक वाढली. साखरेचे डॉक्टर चिडले, म्हणाले, तुम्ही चोरून गोड खाता. बायकोने घरी येऊन बिस्किटांचा डबा माळ्यावर टाकला. उस्तादांनी शपथा घेतल्या. बायको म्हणाली, मांजरही डोळे मिटूनच दूध पितं. पुढे वर्षभर दम वाढला की साखर वाढायची, साखर वाढली की बिस्किटांच्या डब्याची झडती व्हायची आणि नवराबायकोत दोन दिवस अबोला. उस्तादांना काही उलगडा होईना. माणूस गोड न खाता गोड कसा होतो?

अशात गुडघ्याने अगदीच असहकार पुकारला. उस्ताद शिडीच्या मध्यावर थांबू लागले. वर मशीन उघडं पडलेलं आणि खाली लोक वाट बघताहेत, अशा वेळी मिस्त्री भिंतीला पालीसारखा चिकटून उभा, हे शोभेना. दोन इमारतींनी दुसरा माणूस बघायला घेतला. शिडी गेली की धंदा गेला आणि धंदा गेला की उस्तादांना उस्ताद कोण म्हणणार? हाडांचे डॉक्टर म्हणाले, गुडघा बदलू, पुन्हा चढाल. उस्तादांनी लगेच होकार दिला.

ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तपासायचं असतं. ती एक तरुण बाई होती. तिने समोर कागद ओढून विचारलं, "काका, गुडघ्याशिवाय आणखी काही?"

"काही विशेष नाही," उस्ताद म्हणाले.

बायको शेजारी बसली होती. तिने घसा खाकरला, पदर सारखा केला, उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद छताकडे बघत होते. मग तिने मांडीवरची कापडी पिशवी उचलून टेबलावर उपडी केली. गोळ्यांच्या पट्ट्या, दम लागला की तोंडात ओढायचा फवारा आणि अर्ध्या रिकाम्या बाटल्या घरंगळत डॉक्टरच्या कोपरापर्यंत गेल्या.

"हे विशेष नाही ते," ती म्हणाली.

बाईने एकेक पट्टी उलटून पाहिली. तिचा चेहरा हळूहळू असा झाला, की उस्तादांना एकदम ती दुसऱ्याने जोडलेल्या तारा उघडून बसलेली मिस्त्रीण वाटली. तिने मात्र नियम पाळला, कुणाचंही नाव घेतलं नाही. आज ऑपरेशन होणार नाही एवढंच सांगितलं आणि हे सगळं एका जागी बघेल असा कुणीतरी एक डॉक्टर गाठायला सांगितलं.

"पण सगळ्यांचे रिपोर्ट बरे आहेत," उस्ताद म्हणाले. "प्रत्येकाने सांगितलंय, आटोक्यात आहे."

"प्रत्येकाने आपापलं सांगितलंय, काका."

उस्तादांनी आपल्या परीने विचार केला. लिफ्टच्या पोलादी दोरात शेकडो बारीक तारा असतात. दोन-चार इकडेतिकडे तुटल्या तर दोर चालतो. त्या एकाच जागी तुटल्या तर मात्र दोर त्याच दिवशी बदलतात. त्यांनी बाईंना विचारलं, माझ्या तारा पसरून तुटल्यात की एका जागी? बाईंनी गोळ्यांच्या पट्ट्या पुन्हा पिशवीत भरल्या. मग म्हणाल्या, माणसाला जागा एकच असते. हे होकारार्थी होतं की नकारार्थी, ते उस्तादांना घरी पोचेपर्यंत कळलं नाही आणि नंतरही नाही.

दोघं पुन्हा गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. उस्तादांना वाटलं होतं, त्या रागावतील. त्यांनी पिशवी रिकामी करून घेतली, चष्मा पुसला आणि प्रत्येक औषध कधीपासून, कशासाठी, ते विचारत बसल्या.

एक एक गाठ सुटू लागली तशी उस्तादांची मती गुंग होत गेली. गुडघ्याच्या दुखण्यावरची गोळी ते रोज घेत. ती प्रेशर वाढवणारी होती आणि आधीच दमलेल्या किडनीला आणखी दमवणारी. प्रेशर वाढलं म्हणून याच बाईंनी आपली गोळी वाढवली होती. किडनीचे डॉक्टर तिकडे बुचकळ्यात, की पथ्य पाळूनही किडनीचं काम का घटतंय? आणि दम वाढला की चार दिवस घ्यायच्या ज्या गोळ्या छातीच्या डॉक्टरांनी दिल्या होत्या, त्या साखर वाढवत.

"म्हणजे बिस्किटं नव्हेत," उस्ताद बायकोकडे वळून म्हणाले. बायकोने कोपऱ्यातलं वजनाचं यंत्र न्याहाळायला घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. हे आजार वेगवेगळ्या वर्षी आले, पण राहतात एकाच घरात. प्रेशर किडनीला पोखरतं, किडनी प्रेशर चढवते, साखर दोघांनाही आतून खाते. एकेकटा आजार माणूस पुष्कळ वर्षं सांभाळून नेतो. ते एकामागून एक जमत गेले, की साधा ताप किंवा साधं ऑपरेशन पेलायला जी ताकद शिल्लक लागते, ती कमी होत जाते. म्हणून पाच आजार असलेल्याचा धोका एक आजार असलेल्यापेक्षा जास्त. किती जास्त, ते कोणते आजार एकत्र आलेत त्यावर.

"मग मी किती जगेन?" उस्तादांनी विचारलं. त्यांना वाटलं, इतकं सगळं माहीत आहे तर हेही माहीत असेल.

"तुमच्यासारखी हजार माणसं उभी केलीत, तर त्यातली साधारण किती राहतील ते सांगता येतं. तुम्ही त्यांतले कोण, ते नाही."

उस्तादांना लिफ्टमधली पाटी आठवली. सहा माणसं, असं लिहिलेलं असतं. कसली सहा, बारकी की जाडी, ते लिहीत नाहीत. लोक वाचतात, सातवा आत येतो, लिफ्ट चालते. कधीतरी चालत नाही. जन्मभर ती पाटी पुसून स्वच्छ ठेवली, पण ती नेमकं काय सांगते याचा विचार त्यांनी आज पहिल्यांदा केला.

मग ऑपरेशनचं काय? त्यावर बाईंनी आणखी गोंधळ केला. ऑपरेशन केलं तर धोका आहे. नाही केलं तर चालणं थांबेल आणि चालणं थांबलं की साखर, प्रेशर, सगळंच बिघडेल. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. उस्ताद म्हणाले, माझ्या धंद्यात निदान 'बंद आहे' अशी पाटी लावता येते.

ठरलं असं, की दुखण्याची ती गोळी बंद करायची, बाकीची औषधं बाईंनी इतर चौघांशी बोलून जुळवून घ्यायची आणि शरीर जरा ताळ्यावर आलं की ऑपरेशन. चार डॉक्टरांना एकमेकांची नावं कळणार, या कल्पनेने उस्तादांना दोन दिवस जेवण गेलं नाही. प्रत्यक्षात कुणीही अपमान मानला नाही. छातीचे डॉक्टर तर म्हणाले, आधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. उस्ताद चक्रावले. इतकी वर्षं ज्यांची अब्रू सांभाळली, त्यांना तिची काळजीच नव्हती.

काही आठवड्यांनी प्रेशर उतरलं, किडनीचं घसरणं थांबलं. उस्ताद पुन्हा त्या भूल देणाऱ्या बाईंसमोर बसले. या वेळी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी बरोबर होती. भूल देणाऱ्या बाईंनी ती वाचली, मान डोलावली.

"छान. आता सगळं माझ्यासमोर आहे. आणखी काही राहिलंय?"

बायको 'नाही' म्हणायला तोंड उघडत होती. उस्तादांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"शिडीचं एक राहिलंय," ते म्हणाले. "शिडीवर मी मध्ये थांबतो. गुडघ्यामुळे थांबतो, असं सगळ्यांना सांगितलंय. पण गुडघा पहिल्या पायरीलाच दुखतो. मधल्या पायरीला छातीवर कोणीतरी तळहात दाबून धरल्यासारखं होतं. थांबलो की जातं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

"वर्ष होत आलं असेल. आधी वाटलं दम. मग वाटलं साखरेचा थकवा. मग म्हटलं वय. घरात इतकी माणसं असली की नेमकं कोण ओरडतंय, ते कळत नाही हो."

मग बाई उठल्या, त्यांनी स्वतः फोन केला आणि आजच्या आज हृदयाची तपासणी ठरवली. गुडघ्याचं नाव आता काढायचं नाही, म्हणाल्या. हे न सांगता ऑपरेशनच्या टेबलावर झोपला असतात, तर… एवढं म्हणून त्या थांबल्या. पुढचं वाक्य उस्तादांना पूर्ण ऐकू आल्यासारखं वाटलं.

हृदयाचा विभाग वरच्या मजल्यावर होता. दोघं लिफ्टपाशी जाऊन उभी राहिली.

"हे मलासुद्धा सांगितलं नाहीत," बायको म्हणाली. आवाज रागाचा नव्हता, म्हणून उस्तादांना जास्त लागला.

"तुला सांगितलं असतं, तर तू तेही त्या पिशवीसारखं डॉक्टरांसमोर उपडं केलं असतंस."

लिफ्ट खाली येत होती. उस्तादांनी सवयीने डोळे मिटले. ब्रेक घासत होता. आधीच्या मिस्त्रीने तो नको तितका आवळून ठेवला होता. दार उघडल्यावर त्यांनी स्टुलावर बसलेल्या लिफ्टमनला सांगितलं, की ब्रेक चुकीचा लावलाय आणि तुमच्या मिस्त्रीला सांगा मी म्हटलं म्हणून. लिफ्टमनने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं 'काही विशेष नाही' म्हणताना उस्ताद आजवर डॉक्टरांकडे पाहत आले होते.

"खरं सांगा," लिफ्ट सुरू झाल्यावर बायकोने हळूच विचारलं. "त्या वर्षात बिस्किटं एकदाही खाल्ली नाहीत?"

उस्ताद दाराच्या जाळीतून वरून खाली सरकणारे मजले बघत राहिले. आता लपवून कुणाची अब्रू राखायची होती?

"कधी कधी खाल्ली," ते म्हणाले.

"मग साखर वाढली ती गोळ्यांनी की बिस्किटांनी?"

उस्तादांनी बराच विचार केला. लिफ्ट थांबली, दार उघडलं, समोर एक परिचारिका चाकांची खुर्ची धरून उभी होती.

"ते आता," उस्ताद खुर्चीत बसता बसता म्हणाले, "मलाही सांगता येणार नाही."