एकोणचाळिसावी चिठ्ठी

मी औषधांच्या एका गोदामात एकवीस वर्षं माल मोजते. मोजलेला आकडा आणि कागदावरचा आकडा जुळला नाही, तर त्यामागे माणूस असतो — चोर तरी, नाहीतर झोपाळू तरी. तिसरं काही असू शकतं, हे मी आजवर मानलेलं नाही. असले न उलगडणारे अनुभव वाचते ते जेवताना, करमणूक म्हणून. आता स्वतः लिहायला बसले आहे, आणि प्रत्येक आकडा दोनदा तपासून लिहिते आहे, एवढं आधीच सांगते.

आमची शाळा आरे कॉलनीतली. नाव देत नाही. पत्ता मुंबईचा, पण शाळा खेड्यातलीच म्हणा — एका बाजूला म्हशींचे तबेले, दुसऱ्या बाजूला जंगल, आणि बस चुकली की गेला एक तास. दहावीची एकच तुकडी, मुलं सव्वीस. एवढ्याशा शाळेत मंडळं मात्र भरपूर... विज्ञान मंडळ, हस्तकला मंडळ, वाङ्मय मंडळ. मी वाङ्मय मंडळाची चिटणीस. साहित्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण माझे आकडे चुकत नसत, म्हणून मराठीच्या बाईंनी नेमलेलं. वर्ग मला ‘कॅल्सी’ म्हणायचा. कॅल्क्युलेटरवरून.

चिटणिसाचं मोठं काम गॅदरिंगला — फिशपाँड. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. एकमेकांना चिमटे काढणाऱ्या निनावी चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, त्या स्टेजवरून वाचायच्या, आणि ज्याच्यावर असेल त्याने उभं राहायचं. आमच्याकडे त्याला शिस्त होती. बाई आधी सगळ्या चिठ्ठ्या बघत. जिच्यामुळे कुणी रडेल अशी वाटली, तिच्या कोपऱ्यात लाल शाईची फुली मारून बाजूला काढत. मी वहीत लिहायचं — आलेल्या किती, काढलेल्या किती, वाचायच्या किती. कार्यक्रम संपला की सगळ्या चिठ्ठ्या हॉलमागे पत्र्याच्या डब्यात जाळायच्या, म्हणजे अक्षरावरून कुणी कुणाला धरायला नको.

त्या वर्षी आलेल्या अठ्ठावन्न. फुलीच्या नऊ. वाचायच्या एकोणपन्नास.

फुलीच्या नऊमध्ये एक माझी होती. वनितावर. वनिताचे वडील तबेल्यात कामाला. ती पहाटे त्यांच्याबरोबर शेण काढायची आणि तशीच धावत शाळेत यायची. मी डाव्या हाताने लिहिलं होतं — ‘डोळे मिटा. वर्गात वनिता आली की म्हैस, ओळखून दाखवा.’

वनिताने माझं काय बिघडवलं होतं? काही नाही. पण तोवर माझ्या एकाही चिठ्ठीला कुणी हसलं नव्हतं. एवढंच कारण.

बाई नाचाच्या मुलींना तयार करायला गेल्या, तेव्हा मी ती चिठ्ठी परत गठ्ठ्यात घातली. त्याआधी फुलीचा कोपरा फाडला. तेवढ्यात बाहेर पावलं वाजली, म्हणून तो तोंडात टाकला आणि गिळला. वहीत नऊचे आठ केले, एकोणपन्नासचे पन्नास.

पी.टी.चे सर धडाधड वाचत गेले. वनिताच्या चिठ्ठीला हॉल पोट धरून हसला. वनिता उभी राहिली... थोडी हसलीसुद्धा. तासाभराने तिचं गाणं होतं. ती माइकपाशी आली आणि मागून कुणीतरी म्हशीसारखं रेकलं. मग दहा जण रेकले. दुसऱ्या ओळीला ती थांबली. पुढे चार दिवस ती शाळेत आली, आणि चारही दिवस ते चालूच होतं. पाचव्या दिवसापासून आली नाही. बोर्डाचे फॉर्म सव्वीस भरले होते, परीक्षेला बसले पंचवीस.

बाईंनी मला बोलावून घेतलं होतं. “मीनल, ती चिठ्ठी मी काढली होती गं. मला चांगलं आठवतंय.”

मी वही पुढे केली. “बाई, आठच काढल्यात तुम्ही. हे बघा.”

बाई वहीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे माझ्याच नजरेतून सुटली.” दोनदा वनिताच्या घरी जाऊन आल्या, तिने दार उघडलं नाही. बाई आता नाहीत. शेवटपर्यंत त्यांचा माझ्या आकड्यावर विश्वास होता.

आता खरी गोष्ट.

या जानेवारीत, तीस वर्षांनी, आमच्या बॅचचं स्नेहसंमेलन झालं. रविवार, सकाळी अकरा, तोच हॉल. लख्ख ऊन होतं, हेही लिहून ठेवते. ग्रुपचा ॲडमिन संदेश — तेव्हा वर्गातला विदूषक, आता स्कूलबस चालवतो. आल्या आल्या म्हणाला, “ए कॅल्सी, फिशपाँडचा डबा तुझ्याकडे. तुझ्याशिवाय कोण मोजणार यार!”

“आणि फुल्या कोण मारणार?” मी विचारलं.

“फुली-बिली काही नाही. सगळ्या वाचायच्या. आता काय कुणी रडणार आहे?”

माणसं आली एकोणीस. प्रत्येकी दोन चिठ्ठ्या, म्हणजे अडतीस. घरून पिवळ्या कागदाच्या चाळीस कापून आणल्या होत्या, उरलेल्या दोन पर्समध्ये ठेवल्या. डबा नवा, स्टीलचा, कुलूपवाला. किल्ली माझ्याकडे. उघडून दोनदा मोजल्या — अडतीस, सगळ्या पिवळ्या. गठ्ठा संदेशच्या हातात दिला आणि त्याच्या शेजारीच उभी राहिले, टिपणाला.

अडतीस वाचून झाल्या. मी पेन बंद केलं.

“आणि ही शेवटची,” संदेश म्हणाला.

त्याच्या हातात पांढरा कागद होता. निळ्या रेघांचा, वहीतला, कडा तपकिरी पडलेल्या. त्याने मोठ्याने वाचला. “डोळे मिटा. वर्गात वनिता आली की म्हैस...”

सतरा जण हसले. मी मोजले, सवयच आहे. प्रशांत, जो आज बँकेत मॅनेजर आहे आणि ज्याची बायपास झाली आहे, तो खुर्चीत मागे रेलून रेकला. अगदी तसाच. संदेशने डोळे पुसले. “काय संग्रह ठेवलाय हिने! कॅल्सी, मानलं तुला. टाळ्या!”

आणि मला टाळ्या मिळाल्या.

मी त्याच्या हातून चिठ्ठी घेतली. अक्षर माझं, डाव्या हाताचं. खालच्या उजव्या कोपऱ्यात लाल फुली. कोपरा अख्खा, कुठेही फाटलेला नाही. जी चिठ्ठी मी माझ्या हाताने जाळली, वाचलेल्या पन्नास मोजून त्यांच्यात जाळली, ती. आणि जो कोपरा माझ्या पोटात गेला, तो.

माझ्याखेरीज न हसलेली एकच होती, नंदा. ती वनिताच्या बाकावर बसायची. जवळ येऊन म्हणाली, “तिलाही ऐकव ना जाऊन. मुलुंडला असते, पोळी-भाजी केंद्र आहे तिचं. नंबर आहे माझ्याकडे, पण माझा फोन ती घेत नाही. का, ते मला आजवर कळलं नाही.”

पुढच्या शनिवारी दुपारी मी मुलुंडला गेले. चिठ्ठी प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, फाइल छातीशी. छोटा गाळा, दोन बायका पोळ्या लाटत होत्या आणि तव्यापाशी वनिता. तिने मला ओळखलं. “कॅल्सी ना? बस.”

मी फाइलमधून चिठ्ठी काढून तिच्यापुढे धरली. तिने पिठाचे हात पदराला पुसले, पण कागद हातात घेतला नाही.

“कोणी लिहिलं?”

“मी. डाव्या हाताने.”

“तू?” तव्यावरची पोळी जळाली. वनिताने ती उतरवली आणि म्हणाली, “मला नंदा वाटली. शेजारी तीच बसायची. वास तिलाच येणार ना?”

“वनिता, मी... माफ कर गं.”

“वाच.”

“काय?”

“तेव्हा सरांनी वाचलं. तू कुठे वाचलंस? वाच, मोठ्याने.”

मी वाचलं. लाटणाऱ्या बायकांपैकी एक फस्सकन हसली. लगेच तोंडावर हात ठेवला, पण हसली.

“बघ,” वनिता म्हणाली, “अजून चालतो तुझा जोक.”

मी विचारलं, नंदाला सांगू का, तुला फोन करायला?

“कशाला? तीस वर्षांचं आता काय बोलणार तिच्याशी?” ती पुन्हा तव्याकडे वळली. “दहावी नाही म्हणून दोन ठिकाणी नाकारलं मला. त्याला काय करतेस? आहे तुझ्या वहीत काही?”

चिठ्ठी मी ओट्यावर ठेवली. “तुझ्याकडे ठेव, फाड, जाळ... काय हवं ते कर.”

तिने कोपराने ती माझ्याकडे ढकलली. “ने परत. मला पाठ आहे.”

मी तिच्यासमोर चिठ्ठी फाइलमध्ये ठेवली, फाइलचं बटण लावलं. कोपरा होता, फुलीसकट. नीट पाहिलं होतं. बोरिवलीला घरी येईपर्यंत फाइल मांडीवरून हलली नाही. घरी जेवणाच्या टेबलावर ती उघडली.

कोपरा नव्हता. तिथे फाटलेली, वेडीवाकडी कड, जशी मी तेव्हा फाडली होती. फाइल उलटी करून झटकली, पर्स रिकामी केली, साडीच्या निऱ्यासुद्धा झाडल्या. कुठेच नाही. तो कोपरा कुठे आहे हे जगात एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि ते माणूस टेबलापाशी बसलेलं होतं.

नवऱ्याचं म्हणणं, ग्रुपमधल्या कुणीतरी मस्करी केली. मग फुली त्याला कशी कळली? ती फक्त बाईंनी आणि मी पाहिली होती. मी हा हिशोब बरेचदा मांडून पाहिला, प्रत्येक वेळी एक जास्त येतो.

गोदामात मोजणी जुळली नाही की आम्ही फॉर्म भरतो. त्यात दोन रकाने असतात, फरकाचं कारण आणि जबाबदार व्यक्तीची सही. पहिला रकाना मला आजही भरता येत नाही. दुसऱ्यात मी सही केली आहे.