दिवाणाखालचं प्रशिक्षण

गेल्या वर्षी एका मंगळवारी मी आमच्या दिवाणाखाली अर्धा तास अडकून पडले होते, आणि हे मी रीतसर प्रशिक्षण घेऊन केलं होतं.

झालं असं, की लेक नोकरीला पुण्याला गेला, मी एसटीतली कंडक्टरकी सोडली आणि अकोल्यात जठारपेठेतल्या घरात आम्ही दोघं नवरा-बायकोच उरलो. तेव्हा आम्ही एक मूल सांभाळायला घ्यायचं ठरवलं. (कागदावर याला प्रतिपालकत्व म्हणतात.) अशी मुलं बहुतेक मार खाऊन, घाबरून आलेली असतात, म्हणून आधी अमरावतीला दोन दिवस प्रशिक्षण. शिकवणाऱ्या बाई फार गोड होत्या. मुलाला ओढू नका, विचारल्याशिवाय हात लावू नका, आवाज चढवू नका, त्याच्या जगात तुम्ही जा. मी सगळं वहीत उतरवलं. आवाजाचं तेवढं अवघड होतं. अकोला-हिवरखेड गाडीवर बावीस वर्षं "पुढं सरका!" म्हटलेला गळा तो. मी घरात यांना "चहा घेता का?" विचारलं, तर शेजारचे "नको, आत्ताच झाला!" म्हणून ओरडत!

मग आठ वर्षांची मैना आली. (हे तिचं खरं नाव नाही. तिच्यावर काय गुदरलं तेही सांगणार नाही, ते तिचं आहे.) आली ती थेट दिवाणाखाली गेली. ताट तिथं, पुस्तक तिथं, झोपही तिथंच. तीन आठवडे माझ्याशी एक शब्द नाही. मी आपली कुजबुजत होते. इतकी, की शेजारणीनं येऊन विचारलं, "काहो, घरात कोणी सिरीयस हाये का?" मी मोरीत जाऊन रडायचे. कारण मंगळवारी अकराला तपासणीला अधिकारी मॅडम येणार होत्या, आणि मूल रुळलं नाही असं त्यांना वाटलं, की मैना परत बालगृहात जाणार.

मंगळवारी सकाळी मैना जेमतेम बाहेर येऊन बसली होती, तोच दूध उतू गेलं आणि माझ्या तोंडून आरोळी निघाली, "अवो, दूध गेलंऽऽ!" मैना सुळकन आत! आता काय करावं? मी वही काढली. त्याच्या जगात तुम्ही जा. मैनाचं जग जमिनीपासून जेमतेम फूटभर उंच होतं. मी पदर खोचला, माफी मागायला पोटावर आडवी झाले आणि निघाले.

डोकं गेलं, खांदे गेले. कंबर म्हणाली, बस! पुढं जाईना, मागं येईना. वरून प्लायवुडच्या एका खिळ्यानं पाठीवर साडी धरून ठेवलेली. पन्नास सीटांच्या गाडीत नव्वद माणसं बसवणारी बाई मी, आणि एका दिवाणाखाली मला स्वतःला बसवता येईना!

"अवो," मी कुजबुजले.

हे आले. बाहेर राहिलेले माझे पाय त्यांनी पाहिले. प्रशिक्षण यांनीही घेतलं होतं ना!

"वा वा!" हेही कुजबुजले. "लई मस्त जमलं तुले! चालू दे, मी डिस्टर्ब नाही करत."

"अवो, तसं नाही, मी..."

"हळू, हळू! पोरगी भिते!" आणि हळूच दार लोटून पेपर वाचायला गेले!

बोंबलायला मला एक श्वास पुरला असता. पण वीतभर अंतरावर मैना माझ्याकडे टक लावून बघत होती. मी ओठ घट्ट मिटून पडून राहिले. बराच वेळ गेला.

"अडकल्या का?" मैनानं विचारलं. तीन आठवड्यांतले पहिले शब्द!

"हो व माय."

"मंग आवाज काहून नाही देत?"

"तुले भेव लागते ना."

तिनं विचार केला. मग दोन्ही तळहात कानांवर दाबले. "मी कान झाकले. आता बोंबला."

(डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.) आणि मग मी बोंबलले! बावीस वर्षांची नोकरी त्या एका हाकेत ओतली. हे पेपरासकट धावत आले. नुकत्याच फाटकाशी पोचलेल्या अधिकारी मॅडमही त्यांच्या मागोमाग धावत आल्या. आणि मैना कानांवर हात ठेवून खदाखदा हसत होती.

ती पायथ्याकडून सरपटत बाहेर आली आणि तिनं कारभार हातात घेतला. "पाय नोका ओढू! दिवान उचला! काका, तुमी तिकून. मॅडम, तुमी इकून!" मग वाकून मला विचारलं, "काकू, साडी सोडवतो. हात लावू का?"

"लाव व माय."

पाठीवर तिची बोटं लागली, तेव्हा मला आणखी थोडा वेळ अडकून राहावंसं वाटलं.

चहा झाल्यावर मॅडमनी तिला विचारलं, "मैना, इथं राह्याचं का तुले?" मैनानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"राह्यतो ना. मी गेली तर काकूले काढन कोण?"

मॅडमनी ते वाक्य जसंच्या तसं अहवालात लिहिलं आणि मैनाला इथंच ठेवायची शिफारस केली. त्यामुळे सरकारी कागदोपत्री या घरात जिला सांभाळायची गरज आहे, ती मी आहे!