सांबारवडीले पावडर

मी पाचवीपर्यंतच शिकलेली, पण तवा मले लय वाटे का आपलं नाव कुठीतरी छापून यावं. नागपूरच्या बायकांच्या एका मासिकात आलं होतं, आपल्या हातचा पदार्थ लिहून धाडा, संगं फोटो पाह्यजे. झालं, डोक्यात किडाच शिरला.

त्या दिवशी दुपारच्या बसनं मामाजी, म्हणजे सासूचे भाऊ, रामाकोन्याहून येणार होते. त्यायच्यासाठी मी सांबारवड्या केल्या, कोथिंबिरीच्या. सासू धुणं घेऊन नदीवर गेली अन् मी बाराच्या बारा वड्या डब्यात भरल्या. शेजारणीले सांगतलं, लेकराले सुई टोचून आणतो, अन् लेकरू कडेवर घेऊन पूल ओलांडून पळत पांढुर्ण्यात, फोटोवाल्याच्या दुकानात. फोटो काढाचा अन् बस याच्या आत वड्या जागेवर!

फोटोवाला नवरानवरीचे फोटो काढणारा. डबा उघडला तं घाबरला.

"वहिनी, याच्यात तोंड कुठी हाय?"

"तोंड नाही भाऊ, वड्याच हाय नुसत्या."

मांगं महालाचा पडदा, समोर स्टुलावर ताट. वडी उभी केली तं घरंगळे. आडवी केली तं तो म्हणे, झोपल्यासारखी दिसते. एकीचं सारण मी जरासं बाहेर काढून ठेवलं, तं लेकरानं नेमकी तीच ओढली. शेवटी तो म्हणे, "तेल लय चमकून राहिलं," अन् नवरीच्या गालाले लावते तसा पावडरचा पफ वड्यायवरून फिरवला. अन् मी येडी, बोट दाखवून म्हणतो, "ते कोपऱ्यातली राहिली भाऊ!"

फोटो निघाल्यावर तो म्हणे, रोल भरला का मंग धुतो, लग्नसराईत. मासिकाची तारीख तं त्याच हप्त्यात होती. अन् तवाच आठवलं का ह्या वड्या मामाजीले वाढाच्या हाय.

पुलावर उभी राहून एकएक वडी पदरानं पुसली. मोगऱ्याचा वास काही जाईना. घरी आली तं मामाजी पाटावर बसलेले.

सासूनं डबा ओढला. "काय वं, सुई लेकराले टोचली का वड्यायले?"

वड्या ताटात पडल्या. मामाजीनं एक नाकाशी धरली. "अत्तर टाकलं का पोरी?"

मले वाटलं, गप राहिली तं वाचली. पण वडी त्यायच्या तोंडाशी गेली अन् माह्यी किंचाळीच निघाली, "मामाजी, खाऊ नका! तिले पावडर लावली हाय, फोटोसाठी!"

मामाजी हसता हसता पाटावरून सरकले. सासू हसली नाही. तिनं परातीत बेसन ओतलं अन् माह्यापुढं ढकललं.

"लाट. अन् नटवू नको आता."

घाईघाईत एक वडी सरळ झाली नाही. मामाजीनं वाकड्याच खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी सासू भाजी निवडता निवडता म्हणे, "छापून येईन तं नाव कोणाचं येईन वं? तुह्यं का माह्यं?"

"तुमचंच, आत्याबाई," मी लगेच म्हटलं.

छापून तं काहीच येणार नव्हतं. पण ते सांगाची हिंमत कुठून आणू?