लांडग्यापायी अडलेली सोयरीक

माझ्या मित्राची ठरत आलेली सोयरीक मी अडवली, आणि तीही एका लांडग्यापायी.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी आष्टीच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. मित्र फौजेत होता, लडाखहून सुटीवर आला होता. वडीगोद्रीला मुलगी बघायला जाताना त्यानं मलाही सोबत घेतलं. म्हणाला, "चार शिकलेली माणसं बरोबर असली की वजन पडतं."

पोहे झाले. मुलगी आवडल्याचं मित्राच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. मुलीच्या मामांनी लडाखची चौकशी केली, तसा हा खुलला. बर्फ, वारा, आणि मग तिथला लांडगा: अंगानं भरलेला, मेंढीसारखी दाट लोकर असलेला.

मामांची मेंढरं होती. लांडगे त्यांनी जन्मभर हाकलले होते. ते हसायला लागले. "पाव्हणं, आमच्या माळावरचा लांडगा म्हंजे हाडकुळा, कुत्र्यावानी. त्याला लोकर असती तर आम्ही त्यालाच कातरलं असतं." बैठक हसली. मामा माझ्याकडं वळले. "काय मास्तर, खरं हाये का हे?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगायचं होतं, बस. पण सगळी बैठक माझ्याकडं बघत होती, आणि मघापासून सगळं कौतुक फौजीचंच चाललेलं. मी म्हणालो, "लांडगा इथून तिथून एकच. त्याला लोकर कुठून येणार?"

आठवड्यानं निरोप आला: मुलगा थापा मारतो, आम्ही जरा विचार करतो. सुटी संपवून मित्र निघून गेला. जाताना मला भेटला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात औरंगाबादला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. तिथं प्राध्यापकांना मी भीतभीतच लांडग्याचं विचारलं. ते म्हणाले, "जात एकच, पण मुलूख निराळा. गारठ्यात दाट केसांची पिल्लं जगतात, विरळ केसांची मरतात. जगलेल्यांची पिल्लं आईबापांवर जातात. हजारो पिढ्या असं चाललं की तो गुण रक्तातच मुरतो. तुमच्या माळावर उलटं. तिथं हडकुळा, विरळ केसांचा लांडगाच उन्हात टिकतो. तुमच्या मित्राचं बरोबर आहे."

पुढचं व्याख्यान मला ऐकूच आलं नाही.

परतताना आष्टीपर्यंत न जाता मी वडीगोद्रीलाच उतरलो आणि मामांसमोर बसून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे तवा का न्हाई सांगितलं, मास्तर?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"मंग तसं तरी सांगायचं."

तेवढ्यात आतून मुलीचा आवाज आला, "मामा, मी तवाच म्हणलं होतं. मुलगी बघायला आलेला माणूस थाप मारायचीच तर पगाराची मारील, लांडग्याची कशाला?"

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसलो, पण चहा काही गोड लागला नाही.

सोयरीक जुळली. दिवाळीनंतर लग्नासाठी मित्र आला, तेव्हा मी आठ दिवस त्याला चुकवत राहिलो. हळदीच्या दिवशी मांडवात त्यानंच मला गाठलं. अंगभर हळद, गळ्यात टॉवेल.

"काय मास्तर, लपून का राह्यले? लांडगा मागं लागलाय का?"

मांडवात मामा होते, त्याचे वडील होते, गावकरी होते. ज्या तोंडानं चारचौघांत चुकलो, त्याच तोंडानं चारचौघांत बोलायचं मी ठरवलं. त्याचे हळदीचे हात हातात घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तू खरं बोलत होतास. मला काही माहीत नव्हतं, तरी मी तुला खोटं पाडलं. चुकलो मी. मला माफ कर."